गॅस गळती परीक्षक (नौका)

गॅस गळती परीक्षक हे द्रवीभूत पेट्रोलियम वायूच्या (एलपीजी) जोडणीतील गळती बुडबुड्यांच्या साहाय्याने दाखवणारे एक साधे यांत्रिक उपकरण आहे. यास बुडबुडा परीक्षक असेही म्हणता येईल. ज्या नौकांवर स्वयंपाक, पाणी तापवणे किंवा शीतकपाट यांसाठी एलपीजी वापरला जातो, त्या नौकांच्या गॅस कप्प्यात, रेग्युलेटरच्या लगत पुढे हे उपकरण बसवतात. त्यास वीज लागत नाही. जोडणीचा एकही सांधा न उघडता संपूर्ण कमी दाबाच्या नळीमार्गाची तपासणी मिनिटभरात करता येणे, हा त्याचा मुख्य उपयोग होय.

== पार्श्वभूमी ==

एलपीजी हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला, तर ब्युटेन सुमारे उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो. दाबाखाली हे मिश्रण द्रवरूपात राहते आणि दाब कमी होताच त्याचे वायूत रूपांतर होते. एक लिटर द्रवापासून साधारण २५० लिटर वायू तयार होतो. हवेच्या तुलनेत प्रोपेन सुमारे दीडपट, तर ब्युटेन सुमारे दुप्पट जड असतो. हवेत या वायूचे प्रमाण सुमारे २ टक्के ते ९ टक्के असताना मिश्रण ज्वलनशील बनते. वायूला स्वतःचा वास नसल्यामुळे गळती लक्षात यावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात.

घरातील गळतीपेक्षा नौकेतील गळती अधिक घातक ठरते. घराच्या दाराखालील फटीतून किंवा मोरीच्या वाटेने जड वायू काही प्रमाणात बाहेर जाऊ शकतो. नौकेचे कवच मात्र पाणी आत येऊ नये म्हणून सर्व बाजूंनी बंदिस्त केलेले असते. जी रचना पाण्याला आत येऊ देत नाही, तीच जड वायूला बाहेर जाऊ देत नाही. गळालेला वायू फळ्यांखालील तळभागात पाण्यासारखा साचतो. माणसाचे नाक त्या पातळीच्या बरेच वर असल्याने वास उशिरा येतो किंवा येतच नाही. इंजिन सुरू करणारी मोटर, तळातील पाणी उपसणारा विजेचा पंप किंवा एखादे बटण यांपैकी कशाचीही ठिणगी स्फोटास पुरेशी असते.

धोक्याचे प्रमाण आकड्यांतून स्पष्ट होते. अर्धा किलो एलपीजीपासून सुमारे पाव घनमीटर वायू बनतो. हवेत २ टक्के या प्रमाणात तो मिसळल्यास सुमारे १२ घनमीटर हवा ज्वलनशील होऊ शकते. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर उंच अशा कोठडीचे आकारमान एवढेच असते.

== रचना आणि कार्य ==

परीक्षकाच्या धातूच्या अंगास वायू आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा असे दोन मार्ग असतात. खालच्या बाजूस काचेची अथवा पारदर्शक प्लास्टिकची वाटी असून तीत ग्लायकॉलयुक्त द्रव भरलेला असतो. वरच्या बाजूस दाबावयाचे बटण असते.

नेहमीच्या वापरात वायू द्रवाला स्पर्श न करता थेट पुढे जातो. बटण दाबले की हा थेट मार्ग बंद होतो आणि वायूला द्रवातून जाण्यावाचून पर्याय राहत नाही. पुढील सर्व शेगड्या बंद असतील आणि कोठेही गळती नसेल, तर वायू वाहण्याचे कारणच उरत नाही आणि द्रव स्थिर राहतो. पुढे कोठेही गळती असेल, तर गळालेल्या वायूची जागा घेण्यासाठी नवा वायू द्रवातून जातो आणि बुडबुडे दिसतात. बुडबुड्यांचा वेग जितका अधिक, तितकी गळती मोठी. बटण सोडताच थेट मार्ग पुन्हा खुला होतो. ब्रिटन आणि युरोपातील नौकाधारकांमध्ये स्वीडनच्या आल्डे या कंपनीचा परीक्षक परिचित आहे.

== गॅस कप्पा ==

परीक्षकाचे काम समजण्यासाठी गॅस कप्प्याची रचना लक्षात घ्यावी लागते. सिलिंडर, रेग्युलेटर आणि परीक्षक ज्या कप्प्यात असतात तो नौकेच्या आतील भागापासून वायुरोधक पद्धतीने वेगळा केलेला असतो. त्याचे झाकण वरून, उघड्या हवेत उघडते. तळाशी असलेली निचरा नळी उताराने थेट नौकेबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर उघडते. त्यामुळे कप्प्यात गळती झाली तरी जड वायू आपोआप बाहेर पडतो. ही नळी दोर, जाळे किंवा कचऱ्याने बुजल्यास कप्प्याचा उद्देशच विफल होतो. कप्प्यात विजेची साधने किंवा ठिणगी पाडू शकणारे साहित्य ठेवत नाहीत. सिलिंडर उभा ठेवून पट्ट्याने बांधतात. तो आडवा झाल्यास वायूऐवजी द्रव रेग्युलेटरकडे जाण्याचा संभव असतो.

== बसवणी ==

परीक्षकाची जागा ठरवताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

* परीक्षक रेग्युलेटरच्या नंतर, म्हणजे कमी दाबाच्या बाजूस बसवतात. सिलिंडरचा पूर्ण दाब सहन करण्यासाठी तो बनवलेला नसतो.
* तो नळीमार्गाच्या पहिल्या फाट्याच्या आधी असावा लागतो. आधीच एखादी शाखा निघाली असल्यास त्या शाखेतील गळती परीक्षकास दिसणार नाही.
* तो गॅस कप्प्याच्या आतच असणे इष्ट असते, कारण परीक्षकाचे स्वतःचे सांधे गळले तरी तो वायू निचरा नळीने बाहेर जातो.
* द्रवाची पातळी योग्य राहावी म्हणून तो सरळ उभा आणि कप्प्याच्या भिंतीस घट्ट बसवतात. झाकण उघडल्यावर वाटी दिसेल आणि बटणापर्यंत हात पोहोचेल, अशी उंची निवडतात.
* अंगावरील बाणाची दिशा वायूच्या प्रवाहाच्या दिशेशी जुळलेली असावी लागते.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी सिलिंडर बंद करून काढून घेतात, नळीतील उरलेला वायू सुरक्षितपणे जाऊ देतात आणि परिसरातील सर्व ज्योती व विजेची साधने बंद ठेवतात. तांब्याची नळी करवतीऐवजी नळी कापण्याच्या चाकू-चाकाने काटकोनात कापतात आणि कडेची बारीक कूस काढून टाकतात. तसे न केल्यास धातूचे कण परीक्षकाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकून थेट मार्ग नीट बंद होत नाही. सांधा दाबकड्याचा असल्यास नट आवळताना दुसऱ्या पान्याने परीक्षकाचे अंग धरून ठेवतात, म्हणजे नळीला पीळ पडत नाही. नळी कप्प्याची भिंत ओलांडते तेथे वायुरोधक बसणी आवश्यक असते. हे काम प्रशिक्षित गॅस जोडारीकडूनच करून घेतले जाते.

बसवणी झाल्यावर परीक्षकाच्या आधीचे सांधेही गळती शोधक द्रवाने तपासतात, कारण ते परीक्षकाच्या कक्षेत येत नाहीत.

== तपासणीची पद्धत ==

१. सर्व शेगड्यांची बटणे बंद करतात. सतत जळणारी लहान ज्योत असलेली उपकरणेही विझवतात. उपकरणांकडे जाणारे शाखांचे व्हॉल्व्ह मात्र उघडे ठेवतात. ते बंद राहिल्यास त्यांच्या पुढील सांधे तपासलेच जात नाहीत.

२. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून नळीमार्गात दाब स्थिरावू देतात.

३. परीक्षकाचे बटण उत्पादकाने सांगितलेल्या काळापर्यंत दाबून धरतात आणि वाटीतील द्रवाकडे पाहतात. दाब समान होताना आरंभी एखादा बुडबुडा येऊ शकतो. बुडबुडे येतच राहिले, तर ती गळती समजतात.

४. परीक्षक स्वतः नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी बटण दाबलेले असताना एक शेगडी क्षणभर उघडतात. त्या वेळी बुडबुडे दिसलेच पाहिजेत. न दिसल्यास द्रव कमी झाला आहे किंवा आतील व्हॉल्व्ह बंद होत नाही, असा अर्थ निघतो.

गळती आढळल्यास शाखांचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करतात. ज्या शाखेचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर बुडबुडे थांबतात, दोष त्या शाखेत असतो.

== मर्यादा ==

परीक्षक बटण दाबले तेव्हाच उत्तर देतो. रात्री झोपेत सुरू झालेल्या गळतीची सूचना तो देत नाही. त्यासाठी तळभागाजवळ बसवलेला इलेक्ट्रॉनिक धोकासूचक उपयोगी पडतो. ही दोन साधने परस्परांना पूरक आहेत. सिलिंडरचा व्हॉल्व्ह, उच्च दाबाची नळी आणि रेग्युलेटर यांतील गळती परीक्षकास दिसत नाही. विझलेल्या परंतु उघड्या राहिलेल्या शेगडीतून जाणारा वायू आणि फुटलेल्या नळीतून जाणारा वायू यांतील फरकही तो सांगू शकत नाही. वाटीतील द्रव आटल्यास सर्व काही ठीक असल्याचा खोटा निर्वाळा मिळू शकतो. म्हणून द्रवाची पातळी नियमित पाहतात आणि साध्या पाण्याऐवजी उत्पादकाने सांगितलेलाच द्रव भरतात.

== मानके ==

लहान नौकांवरील एलपीजी जोडणीसाठी आयएसओ १०२३९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ब्रिटनच्या अंतर्गत जलमार्गांवर १९९७ पासून नौका सुरक्षा योजना लागू असून बहुतेक खाजगी नौकांना दर चार वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. तीत गॅस कप्पा, निचरा, नळ्या आणि गळती यांची पाहणी होते. बुडबुडा परीक्षक बसवलेला असल्यास तपासनिसाला गळतीची चाचणी त्यावरच घेता येते, अन्यथा दाबमापक जोडावा लागतो.

भारतात गॅस सिलिंडरांचे नियमन १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखालील गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार होते. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==

कोकण किनाऱ्यावरील अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या यांत्रिक मासेमारी नौकांवर खलाशांचा स्वयंपाक नौकेवरच होतो आणि त्यासाठी गॅस सिलिंडरही वापरला जातो. बुडबुडा परीक्षक भारतातील घरगुती जोडणीत प्रचलित नाही. येथे साबणाच्या पाण्याचा फेस सांध्यांवर लावून फुगे पाहण्याची पद्धत रूढ आहे. दोन्हींचे तत्त्व एकच आहे. मात्र फेसाने एका वेळी एकच सांधा तपासता येतो आणि लपलेल्या नळीपर्यंत तो पोहोचत नाही.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, सावित्री नदीच्या खोऱ्यातील पोलादपूर आणि महाड या तालुक्यांत हा विषय पुराच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. जुलै २०२१ मध्ये महाड शहरातील घरे आणि दुकाने पुराच्या पाण्याखाली गेली, तर त्याच काळात महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या.

पुराच्या पाण्यात घरगुती सिलिंडर तरंगू शकतो. १४.२ किलोच्या सिलिंडरची जलधारणक्षमता ३३.३ लिटर असते, तर भरलेल्या सिलिंडरचे एकूण वजन सुमारे ३० किलो भरते. म्हणजे त्याने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा अधिक असते. रिकामा सिलिंडर तर सहजच वर येतो. रेग्युलेटर जोडलेला असताना सिलिंडर उचलला गेल्यास नळी ताणली जाऊन सांधा सैल होतो. पाणी ओसरल्यावर रेग्युलेटरच्या हवेच्या छिद्रात गाळ बसून दाबाचे नियमन बिघडू शकते. म्हणून घरात पाणी शिरण्याची चिन्हे दिसताच रेग्युलेटर काढून सिलिंडरला सुरक्षा टोपी लावणे, तसेच पुरात बुडालेला रेग्युलेटर आणि रबरी नळी वितरकाकडून तपासून वा बदलून घेतल्याशिवाय न वापरणे योग्य ठरते. बंद घरात वायू खालच्या थरात साचलेला असू शकतो, त्यामुळे आत शिरताच काडी ओढणे किंवा विजेचे बटण दाबणे धोक्याचे असते.

== गळती आढळल्यास ==

नौकेवर असो वा घरात, क्रम सारखाच असतो. ज्योती विझवणे, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करणे, दारे-खिडक्या किंवा झाकणे उघडणे आणि माणसांना बाहेर काढणे. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करीत नाहीत. नौकेच्या तळात साचलेला वायू विजेच्या पंपाने उपसण्याचा प्रयत्न करीत नाहीत. गळती शोधण्यासाठी पेटती काडी कधीही वापरत नाहीत. भारतात एलपीजी गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

== हे सुद्धा पहा ==

* द्रवीभूत पेट्रोलियम वायू
* प्रोपेन
* सावित्री नदी
* महाड
* पोलादपूर