सर्वांत वाईट पेशवा कोण? : एका वर्गातील वाद

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मला इयत्ता नववीच्या वर्गातील एक वाद आठवला. त्या वर्षी आम्ही मुलांना बेंगळुरूचा जुना किल्ला दाखविण्यास नेले होते. कृष्णराजेंद्र मार्केटच्या गजबजाटात त्याचा थोडासाच भाग आज उभा आहे. मार्च १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने तो टिपू सुलतानाकडून जिंकला आणि त्या युद्धात पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, असे मी सांगताच एका विद्यार्थ्याने विचारले, "म्हणजे बाई, इंग्रजांशी हातमिळवणी करणारा दुसरा बाजीराव एकटाच नव्हता?" बस शाळेत परतेपर्यंत त्या प्रश्नाचे रूप पालटले होते. सर्वांत वाईट पेशवा कोण, यावर दोन बाकांमध्ये भांडण जुंपले होते.

असा प्रश्न पोरकट वाटेल. पण विद्वानांनाही त्याचे वावडे नाही. अमेरिकेत आर्थर श्लेसिंजर या इतिहासकाराने १९४८ मध्ये तज्ज्ञांची मते मागवून राष्ट्राध्यक्षांची प्रतवारी लावली, आणि तेव्हापासून सर्वांत वाईट अध्यक्ष कोण, हा वाद तेथे थांबलेला नाही. लिंकनच्या आधीचा अध्यक्ष बुकॅनन याचे नाव बहुधा तळाशी असते; दक्षिणेतील राज्ये फुटून निघत असता, फुटणे बेकायदा आहे, परंतु बळाने अडविण्याचा अधिकार मला नाही, अशी भूमिका त्याने घेतली. ग्रँटची कथा मात्र निराळी आहे. १९४८ मध्ये तो अपयशी ठरला होता. पुढे २००० साली एका प्रसिद्ध पाहणीत त्याचा क्रमांक ३३ वा होता. त्याच पाहणीत २०२१ साली तो २० वा झाला. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी त्याने जे केले, त्याचे मोल नव्या पिढीस अधिक वाटू लागले. माणूस तोच, कागदपत्रेही बहुतांशी तीच, मोजपट्टी बदलली.

म्हणून मी वर्गात वादाला परवानगी दिली, पण दोन अटींवर. पुराव्यावाचून बोलायचे नाही, आणि आपली मोजपट्टी कोणती, हे आधी सांगायचे.

पहिल्या गटाने अर्थातच दुसऱ्या बाजीरावाला उभे केले. त्यांची मोजपट्टी परिणामाची होती. १८०१ मध्ये त्याने विठोजी होळकरास पुण्यात हत्तीच्या पायी दिले. भावाच्या मृत्यूने पेटलेल्या यशवंतराव होळकराने २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर रोजी त्याने वसईचा तह केला. सहा हजारांहून कमी नाही अशी इंग्रजी पायदळाची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, ही त्या तहाची किंमत होती. १८१७ मध्ये तो इंग्रजांविरुद्ध उठला खरा. परंतु जून १८१८ मध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर १८५१ पर्यंत कानपूरजवळच्या बिठूरास राहिला. राज्य गेले आणि राज्यकर्ता तेहेतीस वर्षे तनखा खात जगला, याहून वाईट काय असणार, असा त्यांचा सवाल होता.

दुसऱ्या गटाने रघुनाथरावाचे नाव घेतले. १७५८ मध्ये मराठी फौजा ज्याच्या नेतृत्वाखाली पंजाबात शिरल्या, तो हा पुरुष. कर्तृत्व होते, पण पुतण्या माधवरावाशी तो झगडत राहिला. १७६८ मध्ये धोडप येथे त्याला पराभूत करून कैद करावे लागले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याचा दोष रघुनाथरावावर ठेवला. गादी टिकेना, तेव्हा ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने त्याने साष्टी आणि वसई देऊ करून इंग्रजांची फौज मागितली. सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये इंग्रजांनी त्याचा पक्ष सोडला. साष्टी मात्र सोडली नाही. या गटातील एका मुलीने मध्येच एक मार्मिक शंका काढली. खुनाच्या कथेतून भाषेला 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मिळाला, आणि त्यात सारा दोष आनंदीबाईच्या लेखणीवर आला. कारस्थान पुरुषांचे, गारदी पुरुष, मग लोकांच्या स्मरणात गुन्हेगार बाईच कशी राहिली? याचे उत्तर माझ्याकडे पाठ्यपुस्तकातले नव्हते.

तिसऱ्या गटाचे नाव ऐकून वर्ग चकित झाला. त्यांनी नानासाहेबावर बोट ठेवले. पानिपताचे खापर त्यांनी फोडले नाही. त्यांनी १७५६ साल काढले. तुळाजी आंग्र्याशी वैर होते म्हणून पेशव्याने इंग्रजांचे साहाय्य घेतले, आणि विजयदुर्गावर मराठ्यांचे आरमार जळाले. शिवछत्रपतींनी ज्या समुद्राचे महत्त्व ओळखले, तो समुद्र आपणच मोकळा करून दिला. पुणे शहर सजविणारा, कात्रजचे पाणी शहरात आणणारा कार्यक्षम पेशवासुद्धा एका निर्णयाने किती हानी करू शकतो, हे त्या मुलांनी नेमके दाखविले.

आता मत घ्यावे, इतक्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिचे आजोळ मलनाडातले, घरात मराठी व कन्नड दोन्ही. ती म्हणाली, "बाई, तुम्ही सगळे पुण्याच्या बाजूने मोजता आहात. शृंगेरीच्या बाजूने मोजले तर?" १७९१ च्या त्याच स्वारीत मराठी सैन्याबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. त्यानंतर स्वामींना मदत पाठविणारी पत्रे टिपूने लिहिली. ती १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याच्या रावबहादूर नरसिंहाचार यांना मठात सापडली. त्या वेळी पेशवेपदावर सवाई माधवराव, वय सतरा. कारभार नाना फडणविसांचा. ज्यांची नावे आपण आदराने घेतो, त्यांच्याच काळातली ही गोष्ट. वर्ग गप्प झाला. मीही.

खरे सांगायचे तर तो दिवस माझ्या शिकविण्याच्या पद्धतीलाच प्रश्न विचारून गेला. कितीतरी वर्षे मी दुसऱ्या बाजीरावाला 'पळपुटा' म्हणून दोन ओळींत निकालात काढले होते. १७७५ मध्ये जन्मलेल्या या माणसाचे बालपण आणि तारुण्य बापाच्या अपराधापायी नजरकैदेत गेले, ज्याला कारभाराचे शिक्षण कोणी दिले नाही, त्याला एकविसाव्या वर्षी गादीवर बसविले गेले, हे मी कधी सांगितले नव्हते. त्याने त्याचा दोष धुतला जात नाही. पण शेवटच्या माणसावर सगळे लोटले, की आधीच्यांची झडती घेण्याची गरज उरत नाही.

मुलांनी आग्रह केला, म्हणून मी माझे मत दिले: रघुनाथराव. दुसऱ्या बाजीरावाने घर कोसळत असता परक्याला हाक मारली. रघुनाथरावाने घर उभे असता, बळ अंगी असता, केवळ स्वतःच्या गादीसाठी दार उघडले. माझी मोजपट्टी ही, की ज्याला अधिक चांगले करता येत होते, त्याचा अपराध अधिक. मतदानात मात्र माझा पक्ष हरला. बाजीरावच 'निवडून' आला. शृंगेरीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने कोणालाच मत दिले नाही, आणि तिला तसे करण्याचा अधिकार होता.

कन्नड मुलखात राहून मराठीतून शिकणाऱ्या आपल्या मुलांकडे एक दुर्मीळ संधी आहे. एकाच स्वारीची आठवण त्यांना दोन घरांतून ऐकता येते. पालकांना माझी विनंती आहे, की मुलांनी आपल्या थोर पुरुषांविषयी अवघड प्रश्न विचारला, तर त्यांना गप्प करू नका, पुरावा मागा. आणि या शाळेतून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांना सांगते: मी तुम्हाला दुसरा बाजीराव दोन ओळींत शिकविला असेल, तर तो धडा अपुरा होता. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने तेवढी दुरुस्ती आपल्या वहीत करून घ्यावी.