भाग २३ : थांबायला शिकलेली रांग

हा भाग मी इंदिरानगरच्या घरातूनच रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऐकताना मध्येच कुकरची शिट्टी आणि भाजीवाल्याचा भोंगा आला असेल. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका. नेहमीप्रमाणे बोललेलं थोडं नीट करून इथे टाकतोय.

आजचा विषय ब्लॉकिंग क्यू. नाव तांत्रिक आहे, पण नाशिककरांना ती समजवायला मला एकच शब्द पुरतो : बोगदा. मुंबई-आग्रा महामार्गाच्या खालून जाणारा आमचा इंदिरानगरचा बोगदा. संध्याकाळी सातला तिथे उभे राहा. पलीकडे बाहेर पडायला जागा आहे का, हे न बघता प्रत्येक जण आत घुसतो. आतला बाहेर पडू शकत नाही, कारण समोर बाहेरचा आडवा आलाय. आणि आडवा आलेल्याला मागे सरकता येत नाही, कारण त्याच्या मागे एक रिक्षा आहे. मग कधीतरी वाहतूक पोलीस येतो आणि तोंडाशीच गाड्या थांबवतो. लोक वैतागून हॉर्न वाजवतात, पण दहा मिनिटांत बोगदा वाहता होतो. थांबवल्यामुळे वाहतूक चालू झाली! ब्लॉकिंग क्यू म्हणजे हा पोलीस. जागा नसेल तर आत टाकणाऱ्याला थांबवायचं, आत काहीच नसेल तर काढणाऱ्याला थांबवायचं, आणि परिस्थिती बदलली की बरोबर त्यालाच उठवायचं.

हे पहिल्यांदा स्वच्छ मांडलं ते डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने. १९६५ साली आइंडहोवनला शिकवताना त्याने सहकार्याने चालणाऱ्या प्रक्रियांवर टिपणं लिहिली. त्यात एक उत्पादक, एक ग्राहक आणि त्या दोघांमध्ये मोजक्या जागांचा साठा असं उदाहरण आहे. उत्तरात त्याने तीन सेमाफोर वापरले : भरलेल्या जागा किती हे सांगणारा एक, रिकाम्या किती हे सांगणारा दुसरा, आणि साठ्याला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून तिसरा. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली होणारा सिग्नल. आपल्याकडे रेल्वेत ‘ब्लॉक सेक्शन’ म्हणतात, म्हणजे पुढचा तुकडा मोकळा असल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी त्यात सोडायची नाही. कल्पना तीच. कॉलेजात हे तिन्ही सेमाफोर मी परीक्षेसाठी पाठ केले होते. क्रम उलटा झाला की सगळंच अडकतं, हे वाक्य दहा मार्कांसाठी लिहिलंसुद्धा होतं. समजलं नव्हतं.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅबमध्ये डग मॅकिलरॉय म्हणत होता की बागेतले रबरी पाइप जसे एकमेकांना जोडतो तसे प्रोग्रॅम जोडता यायला हवेत. ते टिपण १९६४ चं. प्रत्यक्षात आलं १९७३ ला, केन थॉम्प्सनने युनिक्समध्ये पाइप घातला तेव्हा. टर्मिनलवर दोन कमांडच्या मध्ये आपण जी उभी रेघ देतो, ती म्हणजे ब्लॉकिंग क्यूच. सुरुवातीच्या युनिक्समध्ये तिची क्षमता ४०९६ बाइट्स होती. पाइप भरला की लिहिणारा प्रोग्रॅम झोपतो, रिकामा झाला की वाचणारा झोपतो. लिनक्सवर आज साधारणपणे ६५,५३६ बाइट्स मिळतात. आपण रोज वापरतो आणि कुणाला कधी थांबवलं गेलं ते कळतही नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात देखणी गोष्ट आहे, पण आज त्यात शिरत नाही.

सेमाफोरची अडचण अशी की शिस्त प्रोग्रॅमरने पाळायची. एक ओळ विसरलात की संपलं. म्हणून पेर ब्रिंच हान्सन आणि टोनी होअर यांनी मॉनिटर आणला. होअरचा लेख १९७४ चा, आणि त्यातही उदाहरण म्हणून हाच मोजक्या जागांचा साठा आहे. कुलूप आणि वाट बघण्याची सोय त्या वस्तूच्या आतच ठेवायची, बाहेरच्याने फक्त ‘घाल’ आणि ‘काढ’ म्हणायचं.

जावाने १९९६ ला ही कल्पना घेतली, पण अर्धवट. प्रत्येक वस्तूला एकच प्रतीक्षालय दिलं. घालायला आलेले आणि काढायला आलेले, दोघंही एकाच बाकावर झोपलेले! ‘नोटिफाय’ म्हटलं की त्यातला कुणीतरी एक उठतो. जागा रिकामी झाली आणि उठला काढणारा, तर तो बघतो की आपल्या कामाचं काही नाही, आणि पुन्हा झोपतो. ज्याला उठवायला हवं होतं तो झोपलेलाच. असं एकदा जमून आलं की अख्खा प्रोग्रॅम गाढ झोपतो, कुठे एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. शिवाय उठल्यावर अट पुन्हा तपासायची, म्हणजे ‘इफ’ नाही तर ‘व्हाइल’ लिहायचं, हे विसरणारे तर आपण सगळेच.

यातून सुटका झाली ३० सप्टेंबर २००४ ला, जावा ५ आली तेव्हा. ऑस्वेगोच्या विद्यापीठात शिकवणारा डग ली हा प्राध्यापक त्याआधी कितीतरी वर्षं आपलं कॉन्करन्सीचं पॅकेज लोकांना वापरायला देत होता. तेच घासूनपुसून भाषेत आलं. त्यात अ‍ॅरे-ब्लॉकिंग-क्यू आहे, तिच्यात एक कुलूप आणि दोन वेगळे बाक : ‘भरलेली नाही’ची वाट बघणारे एकीकडे, ‘रिकामी नाही’ची वाट बघणारे दुसरीकडे. आपण फक्त ‘पुट’ आणि ‘टेक’ लिहायचं. थांबायचं नसेल तर ‘ऑफर’ आहे, ती जागा नसली की सरळ नाही म्हणते, किंवा सांगितलेल्या वेळेपुरतीच वाट बघते.

पण त्याच पॅकेजमध्ये लिंक्ड-ब्लॉकिंग-क्यूही आहे. तिला क्षमता सांगितली नाही तर ती २,१४,७४,८३,६४७ धरते. म्हणजे ‘भरली’ असं ती म्हणायच्या आधी तुमची मेमरी संपते. नाव ब्लॉकिंग, पण घालणाऱ्याला ब्लॉक कधीच करत नाही. आणि ठराविक थ्रेडचा पूल बनवायची जी सोपी एका ओळीची पद्धत आहे ना, सगळ्या ट्यूटोरियलमध्ये असते ती, तिच्या पोटात हीच क्यू आहे. गो भाषेत बरोबर उलट : चॅनेलला आकार दिला नाही तर तो शून्य. घेणारा समोर हजर असल्याशिवाय देणारा हलत नाही. मला गोवाल्यांचं पटतं.

का पटतं, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एका कंपनीत औषधांच्या ऑर्डर घेणारी सर्व्हिस लिहिली होती. आठ थ्रेड, एका ओळीचा पूल. ऑर्डर आली की क्यूमध्ये टाकायची आणि लगेच ग्राहकाला ‘ऑर्डर स्वीकारली’ असा मेसेज. एका रात्री डेटाबेस मंदावला. आठही थ्रेड तिथे अडकले, पण दार उघडंच होतं. ऑर्डर येत राहिल्या, मेसेज जात राहिले. अडीच वाजता मेमरी संपली, प्रोसेस मेली, आणि क्यूमधल्या काही हजार ऑर्डर तिच्याबरोबर गेल्या. कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सपोर्टला फोन सुरू झाले. एक आजोबा इन्सुलिनची वाट बघत बसले होते, मेसेज आलाय म्हणून दुसरीकडून घेतलंच नव्हतं. शेजाऱ्यांनी धावपळ करून आणून दिलं, म्हणून निभावलं. ती ओळ माझी होती. रिव्ह्यू करणाऱ्यानेही पास केली होती, पण ओळ माझीच.

त्या आठवड्यात घरी हे सांगत होतो तर आई म्हणाली, “म्हणजे कुंभासारखंच झालं.” २७ ऑगस्ट २००३. मी सहा वर्षांचा होतो. शाही स्नानाचा दिवस, रामकुंडाकडे जाणाऱ्या पंचवटीतल्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. साधूंनी नाणी उधळली आणि ती घ्यायला गर्दी लोटली, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. असेलही. पण नाणी ही ठिणगी झाली. त्या गल्लीत मागून येणाऱ्याला पुढे काय चाललंय ते दिसत नव्हतं आणि त्याला कुणी थांबवत नव्हतं. माणसं म्हणजे थ्रेड नव्हेत, मला तुलना करायला संकोच वाटतो. पण आईने अगदी नेमकं पकडलं होतं : दोन्हीकडे दार उघडं होतं.

मग २०१५ ला प्रशासनाने दुसरं टोक गाठलं. गाड्या शहराबाहेर, पुढे बस, पुढे पायी, ठिकठिकाणी बॅरिकेड. मी तेव्हा अठरा वर्षांचा. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला अपेक्षेपेक्षा इतकी कमी गर्दी झाली की व्यापारी चिडले, लोकांनी बंदोबस्तालाच नावं ठेवली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला निर्बंध सैल केले आणि माणसं आली. मला तेव्हा तो सगळा गोंधळ वाटला होता. आता वाटतं, सगळ्यांसमोर क्षमतेचा आकडा बदलून बघणं चाललं होतं. फार मोठा ठेवला की माणसं चिरडतात, फार लहान ठेवला की घाट रिकामा राहतो.

आमच्याकडेही प्रश्न तोच आला : आकडा किती? मॅनेजर म्हणाले, “दहा हजार ठेव, सेफ.” मी वहीत मांडून दाखवलं. एका ऑर्डरला डेटाबेसमध्ये २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक थ्रेड सेकंदाला पाच, आठ थ्रेड चाळीस. ग्राहक मेसेजसाठी फार तर पाच सेकंद थांबेल. चाळीस गुणिले पाच, दोनशे. दहा हजार ठेवले तर शेवटच्याला सव्वाचार मिनिटं थांबावं लागेल, आणि तोवर तो तीनदा पुन्हा बटण दाबेल, म्हणजे रांग अजून वाढेल. दोनशेच ठेवले. ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहिल्याशिवाय ‘स्वीकारली’ म्हणायचं नाही, आणि क्यू भरलेली असेल तर एक सेकंद थांबून ‘आत्ता ऑर्डर घेता येत नाही, थोड्या वेळाने करा किंवा जवळच्या दुकानातून घ्या’ असं स्पष्ट सांगायचं. या शेवटच्या वाक्यावरून मीटिंग तासभर चालली. ‘दुकानातून घ्या’ असं आपणच कसं म्हणायचं, असा मुद्दा होता. मी आजोबांची गोष्ट पुन्हा सांगितली.

ते वाक्य राहिलं. त्यानंतर डेटाबेस दोनदा मंदावला. दोन्ही वेळा काही लोकांना नकार गेला, काहींनी रागाने एक तारा दिला. सर्व्हिस चालू राहिली आणि मेसेज गेलेली एकही ऑर्डर हरवली नाही. बोगदा मात्र अजून तसाच आहे, आत्ताही खिडकीतून हॉर्न ऐकू येतायत.