कारखान्याचा कायदा आणि दहाचा आकडा

मालेगावच्या मोहल्ल्यांतून शुक्रवारी सकाळी फिरले तर गाव ओळखू येत नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस ज्या गल्ल्यांत यंत्रमागांच्या खडखडाटामुळे शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते, तिथे जुम्याच्या दिवशी शांतता असते. लूम बंद, कारखान्यांना कुलूप. धुतलेले कपडे घालून माणसे मशिदीकडे निघालेली, पोरे सिनेमाला. ही सुट्टी आपल्याला इतकी जन्मापासूनची वाटते की ती कधी कुणी मागून घेतली असेल असे मनातही येत नाही.

शुक्रवार हा दिवस आपल्या प्रथेने ठरला हे खरे. पण सहा दिवस यंत्र चालवल्यावर सातव्या दिवशी ते थांबलेच पाहिजे, ही गोष्ट या देशाच्या कायद्यात आली ती मुंबईच्या गिरणी कामगारांच्या अर्जांमुळे. कामगारांच्या कायद्यांत पट्ट्याला जाळी, धुळीला वाट, आगीच्या वेळी बाहेर पडायला दार आणि मोडलेल्या हाताला भरपाई या गोष्टी एकेक करून आल्या. या कायद्याचा इतिहास वाचताना एक बाब सतत डोळ्यांत भरते. कायदा कामगाराचे रक्षण करण्याआधी कामगार किती आहेत हे मोजतो. आकडा पुरेसा भरला तर आत येतो, नाही तर दारातूनच परत जातो. आपल्या यंत्रमागाच्या गावांचे बरेचसे दुखणे या मोजणीत आहे.

ही मोजणी मूळची इंग्लंडची. तिथे १८०२ साली सूतगिरण्यांतल्या उमेदवार पोरांसाठी पहिला कायदा झाला, तोही वीस किंवा अधिक माणसे अथवा तीन किंवा अधिक उमेदवार असलेल्या गिरण्यांपुरता. तपासायला कोणी नसल्याने तो कागदावरच राहिला. १८३३ मध्ये सरकारने पगारी निरीक्षक नेमले तेव्हा कुठे कायद्याला डोळे आले. निरीक्षक होते चार आणि देश अख्खा.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. वीस वर्षांत गिरण्या भराभर वाढल्या. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. साप्ताहिक सुट्टी नव्हती, आणि सात-आठ वर्षांची मुले साच्यांखाली सरपटत कचरा काढत. १८७५ साली मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, पण त्याच्या बहुसंख्य सदस्यांनी कायद्याची गरज नाही असा निर्वाळा दिला. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही.

इथे एक गुंतागुंत आहे, ती लपवू नये. इकडे कायदा व्हावा म्हणून मँचेस्टरचे गिरणीमालकही आग्रही होते आणि त्यांना आपल्या पोरांची दया आलेली नव्हती. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जड जात होते. त्यामुळे आपल्याकडच्या राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी या कायद्याला विरोध केला. देशी उद्योग मारण्याचा हा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंकडे आपापली कारणे होती. साच्याखालच्या पोराला मात्र कोणी विचारले नव्हते.

अखेर १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा, महिन्यात चार सुट्ट्या आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण, एवढाच त्याचा पसारा. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. आणि तो लागू होता तो वाफेवर किंवा अशाच शक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्याला. नव्व्याण्णव माणसांच्या कारखान्यातला पट्टा उघडा राहिला तरी कायद्याच्या दृष्टीने तो धोकादायक नव्हता.

या वेळी पुढे आले नारायण मेघाजी लोखंडे. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. त्यातल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. आणखी एक मागणी होती. कामावर जबर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जो कायमचा निकामी झाला त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

रविवारची मागणी सहा वर्षांनी पदरात पडली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात ती आली. जखमी कामगाराच्या भरपाईला मात्र खूप वेळ लागला. तिचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. अर्ज आणि अंमल यांच्यात चाळीस वर्षांचे अंतर पडले. तोवर लोखंडे जिवंत नव्हते. १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करताना त्यांना मृत्यू आला.

या गिरण्यांत आपली माणसेही होती. अवध आणि पूर्वांचलातल्या विणकर वस्त्यांचा धंदा विलायती कापडाने बसला. १८५७ चा उठाव, त्यानंतरची दडपशाही आणि दुष्काळ यांनी मोमीन-अन्सारी विणकरांना दक्षिणेकडे ढकलले. काही मालेगावला थांबले, काही भिवंडीला, तर काही मुंबईत मदनपुऱ्यात उतरून गिरणीच्या साचा खात्यात लागले. हातमागावरचा कसब त्यांच्या हातात होताच.

साचा खात्यातली एक रीत ऐकली तर आज अंगावर काटा येतो. कांडी संपली की धोट्यात नवी कांडी बसवायची आणि धोट्याच्या बारीक छिद्रातून धागा बाहेर काढण्यासाठी तोंड लावून तो ओढायचा. तोच धोटा, तेच छिद्र, तोंडे मात्र वेगवेगळी. सुताची धूळ छातीत आणि एकाची थुंकी दुसऱ्याच्या ओठाला. क्षयासारख्या रोगाला यापेक्षा सोपी वाट कोणती? पण गिरणीत यावर जो वाद झाला तो रोगाचा नव्हता. दलित कामगाराने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे होते, आणि म्हणून जास्त मजुरीचे साचा खाते दलितांना बंद होते. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. त्या खात्यात मुसलमान विणकर मोठ्या संख्येने होते. धोट्याला तोंड लावायची रीतच बंद करा, अशी मागणी मराठा, मुसलमान आणि दलित कामगारांनी एकत्र केली असती, तर कदाचित जातही हरली असती आणि रोगही.

याच आंबेडकरांनी पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळले. आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या काळातली. दरम्यान मोजणीचा आकडाही खाली येत होता. १८८१ मध्ये शंभर, १८९१ मध्ये पन्नास, १९२२ मध्ये वीस. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने तो यंत्रशक्ती असेल तर दहावर आणि नसेल तर वीसवर आणला. सदुसष्ट वर्षांत शंभराचे दहा झाले. या कायद्यात हवा, उजेड, धूळ, पिण्याचे पाणी, शौचालय, यंत्राला संरक्षक जाळी, आगीपासून बचाव आणि प्रथमोपचाराची पेटी यांची स्वतंत्र कलमे होती. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार आणि आवाजाने येणारे बहिरेपण हे दोन्ही त्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आले. यंत्रमागावर तीस वर्षे काढलेल्या माणसाशी बोलताना आवाज का चढवावा लागतो, याचे उत्तर त्या यादीत आहे.

या कायद्याला सगळ्यात मोठा धक्का बसला तो भोपाळमध्ये. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि जयप्रकाश नगर, काझी कॅम्प अशा गरीब वस्त्यांत हजारो माणसे गेली. धोक्याची खूण आधीच मिळाली होती. तीन वर्षांपूर्वी, डिसेंबर १९८१ मध्ये, याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला होता. राजकुमार केसवानी या पत्रकाराने तर शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसल्याचे लिहून ठेवले होते.

त्यानंतर १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगाराला आणि आसपास राहणाऱ्या लोकांनाही देणे मालकावर बंधनकारक झाले. जिवावर बेतणारा धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कारखान्याच्या भिंतीबाहेरची माणसे कायद्याने पहिल्यांदा मोजली, पण ती मोजायला इतकी प्रेते पडावी लागली.

आता पुन्हा आपल्या गावांकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रेंगाळला, गिरण्या मोडकळीला आल्या आणि कापडाचे काम भिवंडी, मालेगावकडे वळले. गिरण्यांनी मोडीत काढलेले साचेही या गावांत आले. गिरणीत त्या साच्याला जाळी होती, खात्यात प्रथमोपचाराची पेटी होती, मधूनच का होईना निरीक्षक येत होता. साचे आले, कायदा मात्र मागे मुंबईतच राहिला.

कारण तोच आकडा. लहान शेडमध्ये एक माणूस चार-सहा लूम सांभाळतो. दोन पाळ्या धरूनही बऱ्याच ठिकाणी दहा माणसे भरत नाहीत. जिथे भरतात तिथे एकाच छपराखालचा कारखाना कागदावर भाऊ, मुलगा, पत्नी यांच्या नावांनी विभागला जातो. मालकालाच एकट्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पुष्कळदा तोही दलालाच्या कर्जात आणि विजेच्या बिलात अडकलेला, काल-परवापर्यंत स्वतः लूम चालवणारा माणूस असतो. पण बारा तासांच्या पाळीत पहाटे डुलकी लागलेल्या कारागिराचा हात पट्ट्यात जातो, तेव्हा शेड कुणाच्या नावावर आहे हे तो पट्टा पाहत नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट लिहिले गेले की माणसे मोजताना एका दिवसातल्या सगळ्या पाळ्यांची माणसे एकत्र धरायची. त्याच दुरुस्तीने ठेकेदारामार्फत आणलेला माणूसही ‘कामगार’ या व्याख्येत आला. म्हणजे दिवसपाळीला सहा आणि रातपाळीला सहा असतील तर कायद्याच्या हिशेबी ते बारा आहेत. हा साधा हिशेब कामगाराला कोणी सांगत नाही.

आणि आता आकडाच पुन्हा वर गेला आहे. २०२० साली संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने ती लागू केल्याचे जाहीर केले. तिच्यात कारखान्याची व्याख्या यंत्रशक्ती असेल तर वीस आणि नसेल तर चाळीस कामगारांची झाली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की दहा कामगारांच्या आस्थापनेला नोंदणी आणि मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये लागूच आहेत, आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची चांगली तरतूदही तिच्यात आहे. लहान उद्योगांवरचा कागदपत्रांचा बोजा कमी व्हावा, हे सरकारचे म्हणणेही समजण्यासारखे आहे. पण कागद कमी करणे वेगळे आणि माणूस मोजणीतून वगळणे वेगळे. सदुसष्ट वर्षे खाली येत गेलेला आकडा केंद्रीय कायद्यात पहिल्यांदाच वर चढला, ही इतिहासात नोंदवण्याजोगी बाब आहे.

लोखंड्यांनीही माणसे मोजली होती. त्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या आणि अंगठे होते. सरकार कोणाला वगळायचे यासाठी मोजत होते, ते कोण-कोण सोबत आहे यासाठी मोजत होते. आपल्या गावात आज पहिली मोजणी करायची असेल तर ती अवघड नाही. नेमणूकपत्र किती जणांकडे आहे, कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड किती जणांकडे आहे आणि गेल्या वर्षभरात किती जणांची बोटे गेली, हे तीन प्रश्न पुरेत. शुक्रवारच्या सकाळी लूम बंद असतात. एकमेकांचे बोलणे नीट ऐकू येते. विचारायला तोच दिवस बरा.