लायडन जाहीरनामा

संशोधनाच्या मूल्यमापनात आकडेवारीचा वापर जबाबदारीने व्हावा, यासाठी मांडलेली दहा तत्त्वे. नेदरलँड्समधील लायडन येथे सप्टेंबर 2014 मध्ये भरलेल्या परिषदेतील चर्चेतून ती आकाराला आली. डायना हिक्स, पॉल वाउटर्स आणि सहकाऱ्यांनी ती एप्रिल 2015 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर त्यातील लेखांना मिळालेल्या उद्धरणांची सरासरी दाखवतो. त्यावरून एखाद्या लेखाचा दर्जा ठरत नाही. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक, म्हणजे लेखांची संख्या आणि त्यांना मिळालेली उद्धरणे एकत्र मोजणारा आकडा, संशोधकाचे वय आणि विषय यांनुसार बदलतो. तरीही नेमणुका, बढत्या आणि अनुदाने ठरवताना असे आकडे वापरले जाऊ लागले; त्यातून या जाहीरनाम्याची गरज भासली.

आकडेवारीने तज्ज्ञांच्या निर्णयाला पूरक ठरावे, त्याची जागा घेऊ नये, हे जाहीरनाम्याचे पहिले तत्त्व. मूल्यमापन संस्थेच्या उद्दिष्टांना धरून असावे. विदा आणि पद्धती खुल्या असाव्यात. ज्यांचे मूल्यमापन होते त्यांना आपली माहिती पडताळता यावी. विषयागणिक उद्धरणाच्या प्रथांमधील फरक विचारात घ्यावा आणि दशांशातील फसवी अचूकता टाळावी, असेही त्यात म्हटले आहे. निर्देशक संशोधकांचे वर्तन बदलतात, म्हणून त्यांचा वेळोवेळी फेरविचार आवश्यक मानला आहे.

स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण देणारे तिसरे तत्त्व मराठीसारख्या भाषांतील समाजशास्त्र, इतिहास व साहित्यविषयक लेखनालाही लागू पडते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामाही संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच आहे.