मरीआईचा गाडा कुणी ओढला?

संग्रहालयात काचेमागं पोतराजाचं सामान मांडतात: कोरडा, घुंगरं, कवड्यांच्या माळा, मरीआईचा देव्हारा. खाली चिठ्ठी, ‘लोककला’. मी म्हणतो, ही लादलेल्या कामाची हत्यारं आहेत.

निजामी राज्यात आमच्या हिंगोलीकडं पटकी आली की मरीआईचा गाडा निघायचा. लिंबू, नारळ, हिरवी चोळी, बांगड्या, साऱ्या गावाची पीडा त्यात भरायची. अन् शिवेपार ओढायचा कुणी? महार-मांगांनी. पुढच्या शिवेवरून तिथल्या महार-मांगांनी. म्हणजे रोगाच्या सगळ्यात जवळ आमचाच माणूस. पटकी घाण पाण्यातून पसरते, हे डॉक्टर जॉन स्नोनं लंडनमध्ये १८५४ सालीच दाखवलं होतं. इथं मात्र गावची विहीर आम्हाला बंद. ओढ्यातला झरा उकरायचा अन् तेच प्यायचं. १९२७ चं महाडचं पाणी नुसतं मानाचं नव्हतं, जगण्या-मरण्याचं होतं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. मग वस्त्यावस्त्यांतले देव नदी-विहिरींत गेले, पोतराजांनी जटा कापल्या. काचेखालच्या चिठ्ठीवर यातलं एक अक्षर नसतं.

मी सूतगिरणीत आहे. तिथं अमावस्येला मशिनीला लिंबू-मिरची टांगतात. टांगणारा सुपरवायझर असतो. सुकलेली काढून फेकायला हाक मारतात आमच्या पोराला.