गावपळण : एका सामुदायिक विश्रांतीची कथा

श्रम आणि विश्रांती यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न हल्ली घरोघर ऐकू येतो. कचेरी सुटली तरी काम सुटत नाही. खिशातल्या फोनमधून ते मनुष्याच्या मागोमाग घरी येते, आणि एका छपराखालची चार माणसे चार दिशांस तोंडे करून बसतात. यावर उपाय म्हणून जो तो आपापल्यापुरती सुट्टी काढून कोठे तरी दूर जातो. परंतु परत येतो तो बहुधा गेला तितकाच शिणलेला. असे का व्हावे, याचा विचार करू लागलो असता आमची दृष्टी मालवणच्या किनाऱ्यावरील एका जुन्या चालीकडे वळते.

मालवणच्या उत्तरेस, खाडीच्या मुखाशी आचरा हे गाव आहे. श्रीदेव रामेश्वर हे तेथील ग्रामदैवत. काही वर्षांच्या अंतराने, भाताची कापणी आटोपून थंडी पडू लागली म्हणजे देवाला कौल लावितात. आणि तो मिळाला की सारे गाव तीन दिवस व तीन रात्री वेशीबाहेर राहावयास जाते. हीच गावपळण होय. घरांस कुलपे लागतात, दुकाने मिटतात, चुली थंडावतात. गुरेढोरे, कोंबडी, कुत्रीदेखील धन्याबरोबर निघतात. वेशीपलीकडे माळावर किंवा खाडीकाठी झोपड्या उभ्या राहतात. तेथेच रांधणे, तेथेच भजन, तेथेच गप्पागोष्टी. मुदत भरल्यावर पुन्हा कौल घ्यावयाचा आणि मग घरी परतावयाचे. शेजारच्या चिंदर व वायंगणी या गावांतही ही चाल आहे. आचऱ्याची गावपळण २०२४ च्या डिसेंबरातही झाली. तेव्हा ही गोष्ट केवळ पुराणकाळची नव्हे.

या रूढीचे मूळ कोणी भुताखेतांच्या समजुतीत सांगतात, कोणी गावच्या हवापाण्याच्या शुद्धीत. मूळ कोणतेही असो, तिची रचना मात्र मोठी मार्मिक आहे. तीत अपवाद नाही. सावकाराच्या माडीस आणि मजुराच्या खोपटास एकाच वेळी कुलूप लागते. हिंदूंबरोबर मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबेही वेस ओलांडतात. तीन दिवस कोणाचेच दुकान उघडे नसल्यामुळे आपले गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल ही धास्ती कोणासच उरत नाही. एरवी भिंतीआड राहणारी कुटुंबे झापांच्या आडोशाने शेजारी शेजारी निजतात, आणि मुंबईहून मुद्दाम आलेल्या चाकरमान्यास आपली भावकी एकत्र भेटते.

विश्रांती सामुदायिक असली तरच टिकते, याची साक्ष इतिहासात अन्यत्रही मिळते. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्यांपैकी पुष्कळजण कोकणातलेच होते, आणि त्यांस आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. एकट्याने घरी बसावे तर मजुरी बुडे, प्रसंगी कामही जाई. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टीची मागणी मांडली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सर्वांस एकदम मिळाली म्हणूनच ती सुट्टी टिकली. कुलाब्याकडील बेने इस्रायल लोक तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारी सर्वांचे घाणे बंद. म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणू लागले. विश्रांतीच्या दिवसावरून एका समाजास नाव पडावे, हे ध्यानात धरण्याजोगे आहे. मालवणच्या मच्छीमारांतही नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालण्याची जुनी रीत आहे. एकाने ती मोडली की इतरांस किनाऱ्यावर स्वस्थ बसवत नाही.

गावपळणीत कष्ट नाहीत असे आम्ही म्हणत नाही. आजारी व वृद्ध माणसांचे उघड्यावर हाल होतात. हातावर पोट असणाऱ्याची तीन दिवसांची मजुरी बुडते. शिवाय कौलावर ज्याची श्रद्धा नाही त्याने या चालीपुढे मान का तुकवावी, हा प्रश्नही रास्तच आहे. तेव्हा शहरातील वाचकांनी बिऱ्हाड उचलून माळावर जावे, असे आमचे सांगणे नाही. घ्यावयाचे ते तिचे तत्त्व. विश्रांतीला आधी ठरलेली मुदत हवी, तिला वेस हवी, आणि ती वेस सर्वांनी मिळून ओलांडावयास हवी. आज आपण रजा घेतो तेव्हा आपली कचेरी, आपले गिऱ्हाईक, आपले सोबती जागेच असतात. त्यांचे निरोप आपणांस शांत बसू देत नाहीत. याउलट एका घराने, एका चाळीने किंवा एका कचेरीने आठवड्यातील एक संध्याकाळ एकमताने राखून ठेवली, तर ती थोडकी असूनही भरीव होईल. एकट्याने लावून घेतलेल्या दारावर थाप पडतच राहते. गावच वेशीबाहेर गेले असेल, तर थाप मारावयास मागे उरतो कोण?