संग्रहालयाचे उघडे दार आणि नेवाशाची पांढरी

परगावचे पाहुणे मोठ्या शहरात आले म्हणजे त्यांना काय काय दाखवावयाचे, याची एक यादी बहुतेक घरी ठरलेली असते. समुद्र, बाग, बाजार आणि देवळे ही यादीत वर असतात. वस्तुसंग्रहालयाचा क्रम येतो तो सर्वांच्या शेवटी, पाय दुखू लागल्यावर आणि मुले पेंगुळल्यावर. दोन तासांत दोन हजार वस्तूंवरून नजर फिरते आणि मंडळी घरी परततात. आपल्याकडे या संस्थेस पूर्वी ‘अजबखाना’ म्हणत; कलकत्त्यास तिला अजूनही ‘जादूघर’ म्हणतात. अजब आणि जादू या दोन शब्दांतच आपण तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहत आलो ते स्पष्ट होते. जादू पाहावयाची असते, समजून घ्यावयाची नसते. संग्रहालयाचे दार सर्वांसाठी कसे उघडले याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे. आणि त्या दारातून आत गेल्यावर काय पाहावे, हे नेवाशाच्या एका मडक्याच्या आधाराने सुचवावयाचे आहे.

हे दार पूर्वापार उघडे नव्हते. युरोपातील राजे, सरदार आणि धर्मगुरू यांचे चित्रसंग्रह त्यांच्या वाड्यांत असत आणि ते पाहावयास मिळणे हा मर्जीचा प्रश्न असे. लंडनचे सर हॅन्स स्लोन या वैद्याचा प्रचंड संग्रह त्याच्या मृत्यूनंतर इंग्लंडच्या पार्लमेंटने १७५३ साली राष्ट्रासाठी घेतला आणि त्यातून ब्रिटिश म्युझियम निर्माण झाले. १५ जानेवारी १७५९ रोजी ते लोकांस खुले झाले, तेही विनामूल्य. परंतु विनामूल्य म्हणजे सुलभ नव्हे. आत जाण्यासाठी आधी लेखी अर्ज करून तिकीट मिळवावे लागे, आणि मग लहान लहान टोळ्या करून प्रेक्षकांना आत सोडीत. बर्मिंगहॅमचा विल्यम हटन नावाचा पुस्तकविक्रेता १७८४ साली तेथे गेला. मूळचे फुकट तिकीट त्याला दुसऱ्याकडून जवळजवळ दोन शिलिंगांस विकत घ्यावे लागले. आत गेल्यावर वाटाड्या सर्वांना घाईघाईने पुढे हाकू लागला. हटनने वस्तूंविषयी विचारले तेव्हा त्याला सरळ उत्तर मिळाले नाही, आणि सुमारे अर्ध्या तासात सारे संपले. एवढी उत्सुकता घेऊन आलेला मनुष्य जसा गेला तसाच परतला. ही हकीकत सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. पण आपल्या यादीतील शेवटच्या स्थळाच्या भेटीशी तिचे साम्य कोणाच्याही ध्यानात यावे.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीने १० ऑगस्ट १७९३ रोजी लूव्र या राजवाड्याचे दार सर्वांना उघडले. नव्या पंचांगातील दहा दिवसांच्या आठवड्यात तीन दिवस सामान्य जनतेसाठी राखून ठेवले होते. कालपर्यंत राजाचे होते ते आज लोकांचे झाले, हा त्या दारामागचा अर्थ. आणि जे आपलेच आहे ते पाहण्यासाठी पैसे द्यावयाचे नाहीत, हा विचार येथूनच बळावला.

मुंबईतही असाच प्रयत्न झाला. डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्यांच्या खटपटीने राणीच्या बागेतील संग्रहालयाची कोनशिला १८६२ साली बसली आणि २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडले. आरंभ नागरिकांच्या वर्गणीने झाला; पुढे पैशाची ओढाताण झाली तेव्हा सरकारला इमारत पुरी करावी लागली. १९७५ साली त्यास भाऊ दाजींचे नाव दिले गेले, ते उचितच झाले. संग्रहालय उघडल्यावर ऐंशी वर्षांनी, १९५२ साली, मुंबईतच जहांगीर कलादालन उघडले. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ते उभे राहिले. चित्रकार हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांचा आग्रह त्यामागे होता. तेथे चित्रे पाहावयास आजही शुल्क पडत नाही. रस्त्यावरून जाणारा हमाल, कचेरीतला कारकून आणि शाळेतला मुलगा यांना एकाच दाराने आत जाता येते, ही गोष्ट लहान नाही.

तथापि फुकट दारामागे कोणाचा तरी पैसा असतोच. दिवाबत्ती, पहारा, वाळवीपासून रक्षण आणि जाणत्या माणसांचे पगार यांचा खर्च टळत नाही. प्रेक्षक तो देत नसेल तर सरकार, नगरपालिका किंवा एखादा दाता देतो. हे नाते आपल्या लोकांस अपरिचित नाही. त्याचे उदाहरण नेवाशासच आहे.

नेवासे प्रवरेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात आहे. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानदेवांनी येथे गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे मराठी घरातल्या मुलालाही ठाऊक असते. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसले असे परंपरा सांगते, तो ‘पैसाचा खांब’ अजून उभा आहे. भाविक त्याला हात लावून नमस्कार करतात. पण त्यावर कोरलेला लेख थोडेच जण वाचतात. करवीरेश्वराच्या देवळातील अखंड दिव्याच्या तेलासाठी केलेल्या दानाची ती नोंद आहे. दिव्याच्या उजेडात देवदर्शन घेणाऱ्याकडून कोणी तेलाचे पैसे मागत नसे. कारण ते आधीच कोणी तरी देऊन ठेविले होते, आणि दिलेले विसरले जाऊ नये म्हणून दगडावर लिहून ठेविले होते. सार्वजनिक संस्था कशी चालते याचा याहून स्पष्ट धडा लंडन-पॅरिसच्या इतिहासातही सापडणार नाही.

आता त्याच नेवाशाच्या जमिनीखालचे पाहू. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३४ साली बंद पडले होते. १९३९ साली ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले आणि त्याच वर्षी डॉ. हसमुख सांकलिया तेथे पुरातत्त्व शिकवावयास आले. सांकलिया, डॉ. शां. भा. देव आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाचे टेकाड खणले. १९६० साली या उत्खननाचा ग्रंथ निघाला. त्याच्या नावाचा अर्थ ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ असा होतो, आणि टेकाडात खोल उतरताना नेमका तोच प्रवास घडला. वरच्या थरांत मुसलमानी व मराठी अमदानीतील अवशेष निघाले. त्याखाली सातवाहनकाळ, तेथे नाणी आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या उंच मद्यकुंभांचे तुकडे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाराचा माल प्रवरेच्या काठापर्यंत पोचत होता. त्याहीखाली आजपासून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची घरे. आणि नदीकाठच्या दगडगोट्यांच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे. नेवाशाजवळच्या चिरकी ओढ्यावर १९६६ ते १९६९ या काळात गुड्रुन कोर्व्हिनस या जर्मन विदुषींनी केलेल्या उत्खननाने या आदिमानवाची वसती अधिक स्पष्ट केली. तिचे वय साडेतीन लाख वर्षांहून अधिक ठरते.

ताम्रपाषाणयुगातील त्या शेतकऱ्यांचे मडके आपण एखाद्या फडताळात पाहतो. संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावी ही भांडी १९५०-५१ सालच्या उत्खननात प्रथम ओळखली गेली म्हणून त्यांना ‘जोर्वे’ भांडी म्हणतात. चाकावर घडविलेले पातळ अंग, तांबूस पृष्ठभाग, त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेघा, चौकटी आणि जाळी. काहींना लांब तोटी. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा नाद निघावा. चित्रदालनातल्या तैलचित्रापुढे आपण थांबतो आणि या मडक्यापुढून निघून जातो. कारण एकाला आपण कला म्हणतो आणि दुसऱ्याला खापर. पण पाणी ओतण्यापुरते भांडे करावयाचे तर रेघांची गरज नव्हती. मडके त्या रेघांवाचूनही उपयोगी पडले असते. कुंभाराने त्या ओढल्या आणि घेणाऱ्याला त्या हव्याशा वाटल्या, येथेच कलेचा जन्म आहे.

याच थरांत आणखी एक गोष्ट निघाली. हे लोक आपली मेलेली लहान मुले दूर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, त्यांत ते शरीर ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांतला दोरा कुजला नव्हता. त्याची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा झाली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे त्यात रेशीम आणि कापूस यांचे तंतू आहेत. वस्त्रविद्येच्या इतिहासात या दोऱ्याचे मोल मोठे आहे. पण संग्रहालयात येणाऱ्या गृहिणीला त्याचे मोल वेगळ्या रीतीने कळेल. कोणी एका आईने किंवा आजीने ते मणी ओवले होते, आणि मूल गेल्यावरही ते काढून घेतले नाहीत. तांबे त्या काळी स्वस्त नव्हते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ही मडकी नेवाशाची. ती अभ्यासली गेली पुण्यात. उत्खनन झाले नसते तर ती पावसाने वाहून गेली असती, हे खरे. पण नेवाशाच्या शेतकऱ्याला आपल्याच टेकाडातील वस्तू पाहावयाच्या तर प्रवासखर्च आणि एका दिवसाची मजुरी खर्ची पडते. त्याच्यापुरते शहरातले विनामूल्य दार विनामूल्य उरत नाही. त्याच प्रवरेवरील दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल गृहस्थाला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार प्राचीन ओतीव शिल्पे सापडली. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. त्यांची गणना आज भारताच्या श्रेष्ठ ठेव्यांत होते. पण ती दायमाबादेत नाहीत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उलट मार्ग धरला आणि रविवर्म्यापासून युरोपीय शिल्पकारांपर्यंतच्या कलाकृती असलेले संग्रहालय आपल्या लहानशा गावीच बांधले. उत्तम कला मोठ्या शहरातच राहिली पाहिजे असा काही निसर्गनियम नाही, हे औंधने दाखवून दिले.

तेव्हा नेवाशासारख्या ठिकाणी, जेथे वारीच्या निमित्ताने हजारो माणसे आपोआप येतात, तेथे चार खोल्यांचे का होईना, पण चांगले संग्रहालय असावे असे मला वाटते. मूळ वस्तू शक्य नसतील तर हुबेहूब प्रतिकृती ठेवाव्यात, शेजारी सोप्या मराठीत माहिती लिहावी आणि प्रश्नाला उत्तर देणारा एक जाणता मनुष्य नेमावा. हटनची निराशा शुल्काने झाली नव्हती. उत्तर न मिळाल्याने झाली होती.

याचा संबंध केवळ ज्ञानाशी नाही, रक्षणाशीही आहे. जुन्या वसतीच्या टेकाडाला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात. राख, शेण आणि पडक्या भिंती यांनी बनलेली ती माती खत म्हणून शेतात उत्तम आणि धाब्यासाठीही चांगली, म्हणून गावोगाव ती पिढ्यान्‌पिढ्या गाडीने नेली जात आली. तीत मडकी निघाली तर फोडून बाजूला टाकीत. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. ते काय आहे हे त्यांना कोणी दाखविले नव्हते. ज्याने आपल्या पांढरीतले मडके फडताळात मानाने ठेविलेले पाहिले आहे, त्याचे फावडे पुढच्या वेळी थांबण्याचा संभव आहे. कायद्याच्या पाटीने जे साधत नाही ते अशा एका भेटीने साधते.

शहरातल्या श्रोत्यांना शेवटी एवढेच सुचवावयाचे आहे. पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन संग्रहालयात जाल तेव्हा ते यादीत पहिले ठेवा आणि सकाळी, ताज्या पायांनी जा. सारी दालने पाहण्याचा हट्ट सोडा. एक फडताळ निवडा आणि त्यापुढे अर्धा तास बसा. आपल्या जिल्ह्याची, आपल्या नदीकाठची वस्तू तेथे आहे का ते विचारा, आणि मुलांना तिचे चित्र काढू द्या. दाराशी दानपेटी असेल तर जाताना तीत काही टाका. ते प्रवेशाचे मोल नव्हे, पुढे येणाऱ्याच्या दिव्याचे तेल आहे. आणि सुटीत गावी गेलात तर तेथील पांढरी एकदा पायी हिंडून पाहा, आणि पायाखाली काय आहे ते तिथल्या मुलांना सांगा.